दोस्तीची हरकत

तापीकाठ अणुवीज केंद्र वसाहत,
आमखेडे, ता. शिंदखेडा, जि. धुळे
९ फेब्रुवारी २०२६

ती. नाना यांस,
सप्रेम जयभीम.

फोन केला की तुम्ही म्हणता, "फोनवरचं बोलणं दप्तराला लागत नाही, लेखी कळव." घ्या, लेखी कळवते. तलाठी निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण तलाठीपण काही निवृत्त झालं नाही.

तुम्ही आईजवळ म्हणालात म्हणे, "पुतणी अणुवीज केंद्रात इंजिनियर आणि यावलला दुपारी पंखा बंद, हा काय प्रकार?" प्रकार असा आहे. आमची अणुभट्टी २८ डिसेंबरपासून बंद आहे. बिघाड काही नाही. वार्षिक दुरुस्तीसाठी थांबवली, दुरुस्ती झाली, यंत्र ठणठणीत आहे. पण १ जानेवारीला आमची जुनी कंपनी नव्या कंपनीत विलीन झाली. इमारती, यंत्रं, माणसं, कॅन्टीनची पातेली, सगळं नव्या कंपनीच्या नावावर गेलं. राहिला फक्त भट्टी चालवायचा परवाना. तो अजून जुन्या कंपनीच्या नावावर आहे. म्हणजे जिला भट्टी चालवायची परवानगी आहे ती कंपनी अस्तित्वात नाही, आणि जी अस्तित्वात आहे तिला परवानगी नाही. परवाना मंडळाकडे हस्तांतराचा अर्ज गेल्या ऑगस्टपासून पडून आहे. मंडळ म्हणतं, घाई कशाला?

बंद भट्टीलाही गारवा लागतो, पंप चोवीस तास फिरते ठेवावे लागतात. त्यासाठी आम्ही वीज विकत घेतो. तुमच्या यावलचा पंखा बंद असतो तेव्हा ती वीज आम्ही वापरत असतो, असं आईला सांगू नका.

आता माझं. कंट्रोल रूममध्ये भट्टीसमोर बसायला माणसाचा स्वतःचा परवाना लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्यासाठी तुम्ही यावलच्या बसस्टँडवर पेढे वाटले होते. तो तीन वर्षांचा आहे आणि ३० जूनला संपतो. नूतनीकरणाला शेवटच्या सहा महिन्यांत चालत्या भट्टीवर दहा पाळ्या कराव्या लागतात. सरावाच्या नकली कंट्रोल रूममधल्या पाळ्या धरत नाहीत. भट्टी जूनच्या मध्यापर्यंत सुरू झाली नाही, तर माझा परवाना जातो. मग दीड वर्षाचं प्रशिक्षण, तीन लेखी, दोन तोंडी, पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्यांच्या तारखा पुढच्या वर्षी आहेत. नशीबवान मी एकटीच.

आपली,
मृणाली

—

जा.क्र. ७/२०२६
यावल, जि. जळगाव
दि. १६ फेब्रुवारी २०२६

विषय : अणुभट्टीचा परवाना नावावर होण्यास लागणारा विलंब
संदर्भ : तुझे पत्र दि. ९

चि. मृणालीस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा काका म्हणून, दुसऱ्यांदा तलाठी म्हणून. काकाला काळजी वाटली, तलाठ्याला हसू आलं.

अगं, हा साधा फेरफार आहे. म्हातारा गेला, पोरं शेत कसतात, सातबारावर म्हातारा. यात अणू कुठून आला? वारसांची वर्दी घ्यायची, नोंद धरायची, नोटीस काढायची, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची, मंडळ अधिकाऱ्याची सही घ्यायची. संपलं. तुमच्या त्या मंडळात सगळे डॉक्टरेट झालेले बसवलेत, तिथेच घोटाळा आहे. त्यांच्या जागी आमच्या काळचा एक मॅट्रिक पास तलाठी बसवला असता तर पेरणीच्या आत मोकळे झाला असतात.

मी बत्तीस वर्षं नोकरी केली. त्यातली आठ वर्षं तुझ्या त्या आमखेड्यालाच काढली, तिथे तेव्हा अणू नव्हता, नुसता कापूस होता. माझ्या रजिस्टरात शेवटच्या दिवशी एकही नोंद प्रलंबित नव्हती. कलेक्टरांनी तसं प्रशस्तिपत्र दिलंय, भिंतीवर आहे, तू पाहिलंय. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव लांबलं, रांगही लांबली.

तू अभ्यास सोडू नकोस. परवाना जाणार नाही. मी बसलोय ना.

तुझा,
भटू नाना

—

आमखेडे
७ मार्च २०२६

ती. नाना,
सप्रेम जयभीम.

तुमच्या पत्राला जावक क्रमांक सात आहे. बाकीची सहा पत्रं यंदा कुणाला पाठवलीत? नगरपालिकेला असणार.

इथे प्रगती आहे. मंडळाने कळवलं की हस्तांतराच्या अर्जावर जुन्या कंपनीच्या अधिकृत माणसाची ताजी सही हवी. जुन्या कंपनीत माणूसच उरलेला नाही. शेवटी शिंदखेड्याचे धनसिंग राजपूत सापडले. आमचे जुने प्रशासन अधिकारी, मागच्या वर्षी निवृत्त झाले, आता मिरची लावतात. नव्या कंपनीने त्यांना पुन्हा जुन्या कंपनीत नेमलं. नसलेल्या कंपनीचे ते एकमेव नोकर आहेत. दर मंगळवारी गाडी जाऊन त्यांना आणते, ते सही करतात, चहा पितात, "साहेब कुठेत?" असं स्वतःच विचारतात आणि "साहेब मीच" म्हणून हसतात.

सही गेल्यावर मंडळाने जाहीर नोटीस काढायला लावली. धुळे आणि जळगावच्या पेपरांत परवा आली. हस्तांतराला कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी कळवा. आमच्या कायदा विभागाचं म्हणणं, हरकत येणारच नाही. नाव बदलण्याला कोण कशाला आडवं येईल? ५ एप्रिलला मुदत संपली की महिन्याभरात परवाना. म्हणजे मे महिन्यात मी भट्टीसमोर असेन. नाना, रिकाम्या पडद्यांसमोर बसून कंटाळा नाही येत, भीती वाटते. शिकलेलं हातातून निसटतंय असं वाटतं.

आपली,
मृणाली

—

जा.क्र. ९/२०२६
यावल
दि. १४ मार्च २०२६

चि. मृणालीस, आशीर्वाद.

नोटीस वाचली. कापून वहीत डकवली. मसुदा बरा आहे, फक्त जागेची चतुःसीमा लिहिलेली नाही. चतुःसीमेशिवाय नोटीस काढणारे लोक भट्टी कशी चालवत असतील, हा विचार मनात आला आणि मी तो दाबला.

तू काळजी करू नको. तुझं काम पक्कं व्हावं म्हणून मी एका ठिकाणी कागद टाकून ठेवलाय. ठिकाण मोठं आहे, म्हणून आत्ता नाव सांगत नाही. तीस दिवसांत तुला कळेल आणि मग तू म्हणशील, म्हातारा कामाचा होता. तुझ्या आईला यातलं बोलू नकोस, लिलाबाईंच्या पोटात काही राहत नाही.

तुझा,
नाना

—

आमखेडे
२३ मार्च २०२६

ती. नाना,
सप्रेम जयभीम.

पत्र वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. "मोठं ठिकाण", "कागद टाकून ठेवलाय", "आईला सांगू नको". मी काही कुक्कुलं बाळ नाही. कुठल्या डॉक्टरच्या पोराला माझा बायोडाटा पाठवलात? धुळ्याचा आहे की जळगावचा? फोटो कुठला लावलात, तो शाळेच्या गॅदरिंगचा नाही ना?

मला लग्नाचं वावडं नाही. पण आत्ता माझा जीव एका तारखेत अडकलाय. ३० जूनपर्यंत मला कुणी बघायला येऊ नये. आलंच, तर त्याला हेल्मेट घालून गेटवर उभं करीन.

आपली,
मृणाली

—

आमखेडे
११ एप्रिल २०२६

नाना,

तुमचं उत्तर आलं नाही. का आलं नाही ते मला काल समजलं.

काल कायदा विभागाने बोलावलं. टेबलावर आठ पानांची हरकत होती. तीस दिवसांत संपूर्ण खानदेशातून आलेली एकुलती एक हरकत. सुवाच्य अक्षर, डाव्या बाजूला दीड इंच समास, प्रत्येक पानावर सही. खाली : भटू दगा बिऱ्हाडे, सेवानिवृत्त तलाठी, यावल. आमच्या वकील बाईंनी, कामिनी मॅडमनी, विचारलं, "बिऱ्हाडे, हे तुमचे कोण?" मी म्हणाले, काका. मॅडम म्हणाल्या, "तुमचं त्यांच्याशी काही भांडण आहे का?"

मी कालपासून हाच प्रश्न स्वतःला विचारतेय. नाना, मी तुमचं काय वाईट केलं? बायोडाटाच पाठवला असता तर बरं झालं असतं.

मृणाली

—

जा.क्र. १२/२०२६
यावल
दि. १६ एप्रिल २०२६

चि. मृणाली,

रागावू नकोस आणि नीट वाच. ती हरकत विरोधाची नाही. ती दोस्तीची हरकत आहे.

आमच्यात अशी रीत होती. फेरफाराला कुणीच हरकत घेतली नाही तर नोंद मंजूर व्हायची, पण कच्ची राहायची. दोन वर्षांनी एखादा चुलतभाऊ उठायचा, म्हणायचा, मला नोटीस मिळालीच नाही. म्हणून शहाणा माणूस आपल्याच एखाद्या विश्वासातल्या माणसाला हरकत घ्यायला लावायचा. हरकत नोंदली जायची, सुनावणी लागायची, तो माणूस "माझं समाधान झालं" असं लिहून द्यायचा, आणि नोंदीवर "हरकत निकाली" असा शेरा बसायचा. मग तिला कुणी हात लावत नसे. माझ्या हातून असे दोनशे फेरफार पक्के झाले असतील. तुझा परवाना तसाच पक्का करावा म्हटलं. बंद पाकिटात पुतणीला भेट देतो तसं दिलं मी ते.

हरकत दिसायला खरी लागते, नाहीतर अधिकारी ती बाजूला टाकतो. म्हणून चार मुद्दे घेतले. तीन फुसके आहेत. चौथ्यासाठी मी मोबाईलवर आमखेड्याचे सातबारे बघत बसलो. तुमच्या पंपघराच्या जमिनीचा गट एका हिलाल नामदेव पाटील यांच्या नावावर दिसला. आठ वर्षं त्या गावात काढली तरी नाव चटकन ओळखू आलं नाही, पण तो मुद्दा भारदस्त वाटला, घेतला.

उद्याच माघारीचा अर्ज रजिस्टर पोस्टाने टाकतो. चार ओळींचं काम आहे.

तुझा,
नाना

—

आमखेडे
४ मे २०२६

ती. नाना,

तुमच्या चार ओळी पोचल्या. मंडळाने उत्तर दिलं. मंडळाच्या नियमांत हरकत घेण्याचं कलम आहे, मागे घेण्याचं नाही. "आपली हरकत अभ्यासपूर्ण असून मुद्दा क्र. ४ची चौकशी करणे आवश्यक आहे." आठ महिन्यांत मंडळाने कुणाचं कौतुक केलं असेल तर ते तुमचं.

आणि मुद्दा क्रमांक चार खरा निघाला. तापीचं पाणी भट्टीला जिथून येतं ते पंपघर हिलाल पाटलांच्या शेतात आहे. जुन्या कंपनीने त्यांच्याशी २००१ साली नव्व्याण्णव वर्षांचा करार केला. त्यावर अंगठा आहे. हिलाल पाटील १९९९ साली वारले. कामिनी मॅडमनी मृत्यूचा दाखला काढला. करारावरचा अंगठा कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही, पण सातबारावर माणूस जिवंत होता आणि कंपनीला तेवढा जिवंत पुरला. आता मंडळ म्हणतं, भट्टीचं पाणी ज्या जमिनीवरून येतं ती जमीन मेलेल्या माणसाकडे असताना परवाना नव्या नावावर कसा करायचा? मला शिव्या द्यायच्या होत्या, पण बोलणं बरोबर आहे.

२६ मेला धुळ्याला सुनावणी आहे. मॅडमनी एक वाट काढलीय. मी प्रतिज्ञापत्र करायचं की माझे काका वयोमानाने भ्रमिष्ट झालेत, कुणालाही अर्ज करत सुटतात. नगरपालिकेला पाठवलेले अर्ज पुरावा म्हणून जोडायचे. हरकत घेणाराच बाद, तर हरकत बाद. जमिनीचं नंतर सावकाश बघू, असं त्या म्हणतात. परवाना जूनच्या पहिल्या आठवड्यात. माझ्या दहा पाळ्या होतात.

कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सही केलेली नाही. तुम्हाला न विचारता करणार नाही, इतकी मी अजून तुमची आहे.

मृणाली

—

जा.क्र. १५/२०२६
यावल
दि. १० मे २०२६

चि. मृणाली,

सही कर.

पण मॅडमला मसुदा बदलायला सांग. "भ्रमिष्ट" लिहू नका. भ्रमिष्टाला वैद्यकीय दाखला लागतो, सिव्हिल सर्जनची तारीख मिळेपर्यंत जून जाईल. "वार्धक्यामुळे विस्मरण होते" असं लिहा. त्याला दाखला लागत नाही, आणि ते खोटंही नाही. कसं ते सांगतो.

तू हिलालच्या मृत्यूचं साल लिहिलंस आणि मला सगळं आठवलं. हिलालची बायको बेबाबाई. २००० सालच्या फेब्रुवारीत ती वारस नोंदीचा अर्ज घेऊन आमखेड्याच्या चावडीत आली होती. तो मी घेतला. रजिस्टरात धरला नाही. मार्चअखेर प्रलंबित नोंदींची मोजणी असते. फेब्रुवारीनंतर आलेले अर्ज मी रेक्झिनच्या पिशवीत ठेवायचो आणि एप्रिलमध्ये धरायचो. सगळेच तसं करायचे. जे रजिस्टरात घेतलंच नाही ते प्रलंबित कसं राहील? त्या एप्रिलमध्ये माझी यावलला बदली झाली. पिशवी माझ्याबरोबर आली.

काल माळ्यावरून काढली. तिच्यात तेवीस अर्ज होते. बेबाबाईचा वरून चौथा.

तुझ्या मंडळाला मी हसलो. त्यांनी आठ महिने लावले. माझी सव्वीस वर्षं झाली आणि मला कलेक्टरांचं प्रशस्तिपत्र आहे. म्हणून म्हणतो, सही कर. माझ्या नावाला आता जपण्यासारखं काही उरलेलं नाही, निदान तुझ्या कामी येऊ दे.

नाना

—

मुक्काम शिंदखेडा
दि. २४ मे २०२६

चि. मृणाली,

तुझं काही उत्तर नाही. मी चार दिवसांपासून इथे धनसिंगांकडे उतरलोय. तुझं पत्र वाचून मीच त्यांचा नंबर शोधला. भला माणूस आहे. नसलेल्या कंपनीचा नोकर आणि नसलेल्या दप्तराचा तलाठी, आमचं चांगलं जमतं. मिरचीचा ठेचा मात्र जहाल आहे.

पहिल्या दिवशी आमखेड्याला बेबाबाईकडे गेलो. ऐंशीच्या पुढची आहे, डोळ्याने अधू, कान शाबूत. मी नाव सांगितलं. तिने ओळखलं. मी अर्ज तिच्या हातात ठेवला आणि म्हटलं, हा माझ्याकडे राहिला होता, माफ कर. ती हसली. म्हणाली, "भटू भाऊ, दोन वरीस मी तुमना हापिसना चकरा मारनी. नवा तलाठी म्हने, अर्जच नही शे. मंग मी म्हनं, जाऊ दे, मन्हा नवरा कागदवर तरी जित्ता शे." नंतर चहा करायला उठली.

आता रोज धनसिंग आणि मी तहसीलला जातो. मी लेखी जबाब दिलाय की हा अर्ज माझ्या कसुरीने राहिला. समोरच्या पोराने, वय पंचवीस असेल, तो वाचला आणि विचारलं, "आजोबा, हे तुम्ही स्वतःहून का देताय?" त्याच्या टेबलाखाली एक पिशवी होती. मी तिच्याकडे बघितलं, त्याने ती पायाने मागे सरकवली.

नोंद धरली गेली. कायद्याने नोटिशीचे पंधरा दिवस जाणारच. नंतर मंडळ अधिकारी, मग बेबाबाईशी कंपनीचा नवा करार. मी हिशेब केला, तुझ्या तारखेत बसत नाही. म्हणून परवाच्या सुनावणीत ते विस्मरणाचं प्रतिज्ञापत्र दे. बेबाबाईचं काम इथे चालूच राहील, तू त्यात जीव अडकवू नको.

नाना

—

आमखेडे
२९ मे २०२६

ती. नाना,
सप्रेम जयभीम.

तुमचं २४चं पत्र मला सुनावणी झाल्यावर मिळालं. आधी मिळालं असतं तरी फरक पडला नसता, असं मी स्वतःला सांगतेय.

धुळ्याला मंडळाचे तीन सदस्य आले होते. सोबत एक माणूस फक्त पाण्याच्या बाटल्या सरळ करायला. अध्यक्षांनी विचारलं, "हरकतदार आपले काका आहेत, त्यांच्या मानसिक अवस्थेबद्दल आपल्याला काही सांगायचं आहे?" कामिनी मॅडमनी कागद पुढे सरकवला. नाना, मी पेन काढलं होतं. खोटं कशाला सांगू, टोपणही काढलं होतं. सात वर्षं डोळ्यांपुढे आली. हॉस्टेलला रॉकेलच्या स्टोव्हवर केलेली खिचडी, तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाल्यावर तुम्ही पाठवलेलं पत्र, सगळं.

आणि मग मला आठवलं, त्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न असतो. पडद्यावरचा आकडा चुकीचा दिसतोय, पण तो दुर्लक्षिला तर भट्टी वेळेत सुरू होते. काय कराल? ज्याने "दुर्लक्ष करीन" म्हटलं त्याला दुसरा प्रश्न विचारत नाहीत.

मी म्हणाले, "काकांची स्मरणशक्ती उत्तम आहे. गैरसोयीची आहे, पण उत्तम आहे. मुद्दा क्रमांक चार खरा आहे." मॅडमनी कागद परत फाइलीत घातला. परतीच्या गाडीत नरडाण्याला म्हणाल्या, "तुमच्या घरात सगळे असेच आहेत का?"

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तो वेगळा आहे आणि हे वेगळं आहे.

मृणाली

—

आमखेडे
८ जुलै २०२६

ती. नाना,
सप्रेम जयभीम.

बेबाबाईंची नोंद १२ जूनला मंजूर झाली, करार २२ला झाला. तुमचा पंधरा दिवसांचा फेरफार तीन आठवड्यांत झाला, मानलं. मग मंडळाची पाळी. मंडळाला करार वाचायला अकरा दिवस लागले. करार तीन पानांचा आहे. परवाना ३ जुलैला नव्या नावावर आला. माझा ३० जूनला गेला होता.

परवा भट्टी सुरू झाली. माझ्या खुर्चीत योगेंद्र होता. याला मीच शिकवलंय. मला प्रशिक्षणार्थी म्हणून आत उभं राहू दिलं, पिवळ्या पट्टीच्या मागे. तिथून बोलायची परवानगी नसते. एका टप्प्यावर योगेंद्र थांबला, मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला पुढची पायरी पाठ होती. मी जमिनीकडे बघितलं. त्याने पुस्तक उघडून शोधली, बरोबर शोधली. आकडे चढायला लागले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग स्वच्छतागृहात जाऊन खूप रडले. तुम्हाला हे कळायला हवं म्हणून लिहिते, बरं वाटावं म्हणून नाही.

आता नव्याने अर्ज भरतेय. त्यात एक रकाना आहे : "पूर्वीचा परवाना संपुष्टात येण्याचे कारण." नियम असा की एकच कारण लिहायचं. दोन दिवस कागद समोर ठेवून बसलेय. मंडळ लिहू? विलीनीकरण लिहू? हिलाल पाटील लिहू, की ते मेले असं लिहू? कामिनी मॅडम म्हणतात, "तांत्रिक कारण" लिहा, सगळे तेच लिहितात. तुम्ही बत्तीस वर्षं रकाने भरलेत. तुम्हीच सांगा.

आपली,
मृणाली

—

यावल
दि. १४ जुलै २०२६

चि. मृणाली,

"तांत्रिक कारण" लिहू नकोस. मी जन्मभर तेच लिहिलं. ज्या माणसाने काम केलं नाही, त्याला झाकायला तो शब्द असतो.

तुझं पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. रडण्याचा भाग गाळायचा विचार होता, गाळला नाही. लिलाबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, ते बरोबर केलं त्यांनी. तू त्या खुर्चीत असायला हवी होतीस. मला तुझा अभिमान वाटतो, आणि तुझ्याकडे बघायची लाज वाटते, दोन्ही एकदम वाटतं.

पिशवीत अजून बावीस अर्ज आहेत. उद्या पहाटेच्या गाडीने पुन्हा आमखेड्याला निघतोय. त्यातले अकरा अर्जदार वारलेत, त्यांच्या पोरांची घरं शोधायची आहेत.

रकान्यात माझं नाव लिही. भटू दगा बिऱ्हाडे, तलाठी, सजा आमखेडे. पूर्ण लिही, आणि नातं लिहू नकोस. त्यांनी विचारलं तर त्यांना माझ्याकडे पाठव, मी जबाब देईन.

तुझा,
भटू नाना